गावालगतच्या सरकारी जंगलातून घरापुरतं सरपण आणायला परवाना कुठे मिळतो?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पुण्याहून येऊन गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यातलं आजोबांचं घर तुम्ही पुन्हा राहतं केलंय. चुलीला आणि न्हाणीतल्या बंबाला सरपण लागतं, गोठ्याला चार-सहा बल्ल्या, म्हणजे लाकडी खांब, हवेत. अमेरिकेत लोक वनखात्याचा परवाना काढून वाळलेली झाडं कापून नेतात असा व्हिडिओ तुम्ही पाहिला आणि आपल्याकडेही अशी एखादी खिडकी असेल असं तुम्हाला वाटलं. गावातल्या बाया रोज मोळ्या आणतात, त्यांना कोणी हटकत नाही. तुम्ही कुऱ्हाड घेऊन गेलात तेव्हा मात्र बीटगार्डने परत पाठवलं.

मी वनखात्यात नाही, वकीलही नाही. गडचिरोली जिल्ह्यात ग्रामसभांच्या वनहक्काच्या फायली तयार करण्यात माझी काही वर्षं गेली, त्या अनुभवावर लिहितोय.

ती खिडकी आपल्याकडे नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वनांत परवाना माणसाच्या नावाने निघतो. तिथे 'कॉर्ड' हे माप चालतं, म्हणजे 128 घनफूट रचलेलं लाकूड. पैसे भरा, ठरलेल्या भागातून कापा, विकू नका, एवढा तो व्यवहार. आपल्याकडे सरपणाचा हिशोब सरकार एकेकट्या माणसाशी करत नाही, गावाशी करतं. बाया जातात त्या गावाच्या हक्कावर. तो हक्क कागदावर असो वा नसो, गार्डला तो माहीत असतो. तुम्ही गेलात ते एकटे, कुऱ्हाड घेऊन, आणि त्याच्या लेखी अजून पुण्याचे पाहुणे.

आधी 'वाळलेलं लाकूड कोणीही न्यावं' हा समज काढून टाका. मला सगळ्यात जास्त वेळा हेच ऐकायला मिळतं. भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 प्रमाणे राखीव वनात झाड तोडणं, फांद्या छाटणं, साल काढणं हा गुन्हा आहेच, पण कुठलंही वनउत्पादन उचलून नेणं हासुद्धा गुन्हा आहे. त्याच कायद्यातल्या लाकडाच्या व्याख्येत आपणहून पडलेलं झाडही येतं. त्यामुळे ओलं की वाळलेलं, उभं की आडवं, हा मुद्दा तुम्हाला वाटतो तितका कामाचा नाही. शिवाय कलम 69 आहे: लाकूड सरकारचं की तुमचं असा वाद निघाला तर उलटं सिद्ध होईपर्यंत ते सरकारचंच धरलं जातं. पुरावा द्यायचा तो तुम्ही.

मग कामाचा मुद्दा कोणता? जमीन कोणत्या खात्यातली आहे, हा.

तलाठ्याकडे जा (हल्ली पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात अजून तलाठीच म्हणतात) आणि गाव नमुना 1-अ मागा. ती गावातल्या वनजमिनींची नोंदवही. तुमच्या घरामागचं रान राखीव वन आहे, संरक्षित वन आहे, झुडपी जंगल आहे की गुरचरण, हे तिथून आणि सातबाऱ्यावरून कळतं. डोळ्यांना चारही सारखीच दिसतात, नियम मात्र वेगळे. राखीव वनात लेखी परवानगी किंवा नोंदलेला हक्क असेल तेवढंच चालतं, बाकी सगळं बंद. संरक्षित वनात उलट असतं: नियमाने किंवा अधिसूचनेने जे बंद केलंय ते बंद, बाकी चालतं. पण बंद केलेल्याची यादी लांब असू शकते, तेव्हा एवढ्यावर हुरळून जाऊ नका. झुडपी जंगल हा आपल्या पूर्व विदर्भाचा खास प्रकार. महसुली कागदात पडीक, झुडपांची जमीन म्हणून पडून राहिलेली. सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 ला निकाल दिला की 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन प्रकरणातल्या (जंगलतोडीवरचा त्याच न्यायालयातला गाजलेला खटला) आदेशानुसार ही जमीनही वनच. म्हणजे 'ते काय, नुसतं झुडपी आहे' म्हणून कुऱ्हाड चालवायचे दिवस संपले. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर आणखी कडक: 14 फेब्रुवारी 2000 च्या आदेशाने तिथली मेलेली, वाऱ्याने पडलेली झाडं, वाहून आलेलं लाकूड आणि गवतसुद्धा हलवायला मनाई आहे. रस्त्याकडेची झाडं बांधकाम खात्याची किंवा जिल्हा परिषदेची. वादळात पडली तरी त्यांचीच.

आता बायांच्या मोळीमागे काय आहे ते सांगतो, कारण तुमचा मार्ग तिथूनच जातो.

आपला भाग जुन्या मध्यप्रांतातला. इथली बरीच जंगलं मालगुजारांची, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालकांची, आणि जमीनदारांची होती. गावकऱ्यांना त्यांतून जळण, कुंपणाच्या काट्या, नांगराचं लाकूड, घराच्या बल्ल्या नेण्याची वहिवाट होती, तिलाच निस्तार म्हणतात. 1951 मध्ये मालगुजारी गेली, जंगलं सरकारकडे आली, आणि वहिवाटीचं काय करायचं म्हणून गावागावाचं निस्तार पत्रक बनलं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 मध्ये कलम 161 पासून पुढे हा विषय आहे: गावातल्या बिनभोगवट्याच्या, म्हणजे कोणाच्याही खात्यावर नसलेल्या, जमिनीतून रहिवाशांनी खऱ्याखुऱ्या घरगुती गरजेपुरतं काय न्यावं, कुठून न्यावं, फुकट की पैसे भरून. तुमच्या गावाचं पत्रक तहसीलच्या अभिलेख कक्षात असण्याची शक्यता चांगली आहे. वाजिब-उल-अर्ज नावाचा जोडीचा कागदही मागा, त्यात गावाच्या रूढी नोंदलेल्या असतात. कारकून 'असलं काही नसतं' म्हणाला तर लेखी अर्ज द्या. कागद बहुधा दुसऱ्या फेरीला सापडतो.

मोळीवरून झालेली भांडणं जुनी आहेत. 10 जुलै 1930 ला पुसदजवळ लोकनायक बापूजी अणे राखीव जंगलातलं गवत कापून अटक करून घेतात आणि त्याच वर्षी सप्टेंबरात उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळीबार होतो, त्यामागे हाच सल होता: काल आपलं असलेलं रान आज सरकारचं कसं झालं?

निस्ताराला खरी ताकद आली ती 2006 च्या वनहक्क कायद्याने. कलम 3(1) मध्ये निस्तार हा सामूहिक हक्क म्हणून स्पष्ट लिहिलाय, जमीनदारीच्या काळात त्याला काहीही म्हणत असोत. गौण वनउपजाची मालकी गावाकडे आली. गौण वनउपजात बांबू, तेंदूपत्ता, मध, कंदमुळं यांच्या जोडीने झाडोरा आणि खुंटंही येतात. इमारती लाकूड येत नाही, हे नीट लक्षात घ्या. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आपल्या पारंपरिक हद्दीतलं जंगल राखायचा आणि त्याचं व्यवस्थापन करायचा हक्क ग्रामसभेला मिळाला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टरांवर हा हक्क मिळाला. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्याच गावची. कागद मिळूनही बांबू बाहेर न्यायला वाहतूक परवाना कोणी द्यायचा यावर घोडं अडलं. एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं, तेव्हा ते सुटलं. पुढे 2012 च्या नियम दुरुस्तीने गौण वनउपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या समितीनेच द्यायचा असं पक्कं झालं.

गडचिरोलीत आता अशी शेकडो गावं आहेत, तुमचं गाव त्यात असण्याची शक्यता भरपूर. तेव्हा वनखात्याच्या रेंज ऑफिसला जाण्याआधी गावातल्या वनहक्क समितीच्या अध्यक्षाला किंवा सचिवाला भेटा. सामूहिक वनहक्काचा अभिलेख दाखवा म्हणा. त्यात कक्ष (जंगलाचे नंबर घातलेले तुकडे) क्रमांक आणि चतुःसीमा असतात. सरपण त्याच कक्षांतून आणायचं, शेजारच्या गावाच्या कक्षातून आणलंत तर आधी गार्डच्या नाही, शेजारच्या गावाच्या तावडीत सापडाल. तो अनुभव जास्त वाईट.

ग्रामसभेचे स्वतःचे नियम असतात आणि माझ्या पाहण्यात ते खात्याच्या नियमांपेक्षा जास्त पाळले जातात. गावागणिक वेगळे असतात, पण गाभा बहुतेक सारखा: ओलं तोडायचं नाही, मोह-चारोळी-टेंभुर्णीसारख्या कामाच्या झाडाला हात लावायचा नाही, डोक्यावर किंवा सायकलवर येईल तेवढंच न्यायचं, बैलगाडी न्यायची तर सभेत विचारायचं, मोडलं तर दंड ग्रामकोषात. देवाच्या राईतली तर पडलेली काडीही कोणी उचलत नाही, तिथे कायद्याची गरजच पडली नाही.

तुमची अडचण एवढीच की तुम्ही गावचे नातू आहात, अजून गावकरी नाही. वनहक्क कायद्यातली ग्रामसभा म्हणजे गावातली सगळी प्रौढ माणसं. मतदार यादीत नाव आणा, सभेला बसा, श्रमदान असेल तेव्हा जा, वणव्याच्या दिवसांत जाळरेषा साफ करायला दोन सकाळ द्या. मग 'मला घरापुरतं सरपण हवंय' असं सभेत उभं राहून म्हणा आणि ठराव वहीत लिहून घ्या. त्या ठरावाची प्रत खिशात असली की गार्डशी बोलणं सोपं जातं. गार्डशी हुज्जत मात्र घालू नका. वीसेक चौरस किलोमीटर रान एकटा सांभाळणारा माणूस असतो तो, आणि त्याला वरून साग कुठे गेला एवढंच विचारलं जातं.

गोठ्याच्या बल्ल्यांचं वेगळं. त्या इमारती लाकडात मोडतात, मोळीच्या सवलतीत बसत नाहीत. जंगलातून परस्पर आणू नका, साग असेल तर अजिबात नको. वनखात्याच्या निस्तार डेपोत किंवा वनविकास महामंडळाच्या विक्री डेपोत चौकशी करा. बल्ल्या आणि जळाऊ बिट, म्हणजे मापात रचलेले सरपणाचे थर, तिथे विकत मिळतात. माल नेहमी असतोच असं नाही, अंत्यसंस्काराच्या लाकडालाही कधीकधी तिथेच ताटकळावं लागतं. घेतलंत तर पावती आणि वाहतूक परवाना गोठा बांधून झाल्यावरही जपून ठेवा, वर सांगितलेलं कलम 69 आठवा.

पकडलं गेल्यास काय होतं? गार्ड प्राथमिक गुन्हा रिपोर्ट फाडतो, कुऱ्हाड आणि लाकूड जप्त करतो. छोटं प्रकरण तडजोडीची रक्कम भरून मिटू शकतं. पण गाडी किंवा ट्रॅक्टर असेल तर महाराष्ट्राने 1927 च्या वन अधिनियमात घातलेल्या 61-अ कलमाखाली वाहन सरकारजमा होऊ शकतं. सरपणापायी ट्रॅक्टर गेलेला माणूस मी पाहिलाय. घरापुरतं आणलेलं सरपण ढाब्याला किंवा वीटभट्टीला विकलंत तर 'घरगुती गरज' हा तुमचा एकमेव आधारच जातो. निस्तारात पाव किलोचीही विक्री बसत नाही.

एक गोष्ट कुठल्याच कागदावर नाही. तुमच्या आणि शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात गेलेल्यांत मोह वेचणारे, तेंदू तोडणारे आणि सरपणाला गेलेले खूप आहेत. बाया गटाने जातात, मोठ्याने बोलत जातात, ऊन वर आल्यावर निघतात. खाली वाकून काटक्या गोळा करणारा एकटा माणूस वाघाला माणूस वाटत नाही असं जुनी माणसं सांगतात. त्यांच्यासोबतच जा.

आणि ठराव होईपर्यंत बंबाचं काय? आजोबांचं शेत असेल तर बांधावर बघा. महसूल संहितेच्या कलम 25 प्रमाणे खातेदाराच्या जमिनीतली झाडं, सरकारने राखून ठेवलेली सोडून, खातेदाराची. सुबाभूळ, निलगिरी, बाभूळ ही 1964 च्या झाडे तोडण्याबाबतच्या राज्याच्या कायद्यातल्या यादीत नाहीत. त्या यादीत सोळा झाडं आहेत: साग, मोह, आंबा, चिंच, फणस, जांभूळ, हिरडा, खैर, चंदन, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, बिजा, हळदू आणि खारफुटी. यातलं एखादं स्वतःच्या बांधावर असलं तरी तोडण्याआधी परवानगी लागते. बाभळीची छाटणी मात्र आजही करता येईल, फक्त सातबारा आजोबांच्या नावावरून तुमच्या घरच्यांच्या नावावर झालाय का तेवढं बघून घ्या. त्यावर काका-आत्यांची नावं असतील तर आधी त्यांना विचारा.