बाबांना म्युझियम दाखवाच, पण आधी ती गाडी ऐकवा

तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. बाबा कुर्ला कारशेडला फिटर होते, रिटायर झालेत, डिसेंबरमध्ये तुमच्याकडे न्यू जर्सीला येतायत आणि न्यूयॉर्कच्या सबवेच्या, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेच्या, जुन्या गाड्या बघायच्या म्हणतायत. तर नुसतं ट्रान्झिट म्युझियम पुरे का, की डिसेंबरात एमटीए, म्हणजे सबवे चालवणारी संस्था, जी जुनी गाडी चालवते ती गाठायची धडपड थंडीत करावी, असं तुम्ही विचारलंय. धडपड करा, नक्की करा. म्युझियममध्ये डबा डोळ्यांना दिसतो, पण ज्या माणसाने आयुष्यभर गाडीखाली बसून मोटरचा आवाज ऐकून बिघाड ओळखलाय त्याला ती गाडी चालताना ऐकायला मिळाली पाहिजे.

मी 1999 ला क्वीन्समध्ये जॅक्सन हाइट्सला राहायला आलो. लहानपण डोंबिवलीचं, त्यामुळे गाडी म्हटलं की डीसी लोकल, मोटरमनने नॉच, म्हणजे वेगाची पायरी, बदलताना बसणारा तो हलका धक्का आणि स्टेशनात गाडी उभी असताना खालून येणारी कॉम्प्रेसरची धडधड. आमच्याकडे रुझवेल्ट अॅव्हेन्यूच्या डोक्यावरून 7 नंबरची ट्रेन जायची आणि तेव्हा तिला गडद लाल रंगाचे डबे होते, ज्यांना सगळे रेडबर्ड म्हणायचे. मूळचे हे डबे 1964 च्या वर्ल्ड्स फेअरसाठी घेतलेले, तेव्हा फिकट निळे-पांढरे होते, 80 च्या दशकात ग्राफिटीला कंटाळून लाल केले. पूर्ण गाडी 11 डब्यांची, त्यातला एक डबा सुटा, आणि त्या सुट्या डब्याला एसी नव्हता, नुसते पंखे. ऑगस्टमध्ये गर्दीच्या वेळी एक डबा रिकामा दिसला की नवीन माणूस धावत आत शिरायचा आणि दारं लागल्यावर त्याला कळायचं की रिकामा का होता. मी मात्र मुद्दाम त्यातच बसायचो, कारण खिडकी उघडी असायची आणि एसीच्या घरघरीशिवाय गाडी स्वच्छ ऐकू यायची, मला तर डोळे मिटले की ठाकुर्ली आल्यासारखं वाटायचं.

नोव्हेंबर 2003 मध्ये रेडबर्ड बंद झाले. त्यातले शेकडो डबे दारं, खिडक्या, चाकं काढून, धुवून पुसून बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू नौकेवर, घातले आणि डेलावेअरच्या किनाऱ्यापासून लांब आणि इतर काही ठिकाणी समुद्रात सोडले, मासे राहावेत म्हणून. आज त्यात मासे राहतात हे चांगलंच आहे, पण तो डबा बार्जवरून पाण्यात पडतानाचा फोटो मी अजून नीट बघू शकत नाही.

आता मुख्य गाडी. डिसेंबरात धावते ती आर-1 ते आर-9 या जातीच्या डब्यांची, इथले शौकीन एका शब्दात आर-नाइन म्हणतात. 10 सप्टेंबर 1932 ला शहराने स्वतः बांधलेली एट्थ अॅव्हेन्यू लाइन सुरू झाली तिच्यासाठीचे हे डबे. लाइन तयार व्हायच्या आधीच डबे हजर होते, म्हणून 1931 मध्ये ते ब्रुकलिनच्या दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर प्रवाशांसकट चालवून बघितले होते. पहिल्या डब्याचा नंबर 100, आणि तो अजून आहे! 1977 पर्यंत ही जात रोज कामाला होती. आत वेताच्या विणलेल्या सीट, छताला मोठ्या पात्यांचे पंखे, उघडे पिवळे बल्ब. ते बल्ब थर्ड रेलच्या, म्हणजे रुळाशेजारच्या वीज देणाऱ्या तिसऱ्या रुळाच्या, 600 व्होल्टवरच जळतात, एकामागे एक सिरीजमध्ये जोडून, म्हणजे एक गेला की त्याच्या रांगेतले सगळे गेले, आणि क्रॉसिंगवर थर्ड रेल तुटते तिथे डबाभर क्षणभर अंधार. बाबांना हे सांगायची गरज नाही, ते बल्ब बघूनच ओळखतील. हे मात्र सांगा की सबवेतल्या बल्बचे आटे मुद्दाम उलटे केले होते, घरच्या होल्डरमध्ये बसू नयेत आणि चोरीला जाऊ नयेत म्हणून.

आणि तो आवाज. मोटरचा जोर चाकापर्यंत नेणारे गिअर सरळ दातांचे आहेत, नंतरच्या गाड्यांत तिरक्या दातांचे आले आणि आवाज दबला. सरळ दाताच्या गिअरला लपवाछपवी जमत नाही, गाडी सुटताना खालून एक घोगरा सूर निघतो, वेग वाढतो तसा चढत जातो, मोटरमनने पॉवर तोडली की उतरतो. आपल्याकडे हे ऐकायला मोटरकोचमध्ये, म्हणजे मोटर असलेल्या डब्यात, चढावं लागायचं, इथे प्रत्येक डब्याला मोटर आहे, कुठेही बसा. मी पहिल्यांदा या गाडीत बसलो तेव्हा बायकोला काहीतरी सांगत होतो, गाडी सुटली आणि वाक्य अर्धंच राहिलं, पुढच्या स्टेशनपर्यंत मी काहीच बोललो नाही. ती नंतर म्हणाली, तुझे डोळे भरले होते.

बाबांना आणखी एक गोष्ट दाखवा. या गाडीत गार्डला, म्हणजे इथल्या कंडक्टरला, केबिन नाही. स्टेशन आलं की तो दोन डब्यांच्या मधे बाहेर जाऊन दोन्हीकडच्या लोखंडी पायऱ्यांवर पाय ठेवून उभा राहतो, मान वर काढून प्लॅटफॉर्म बघतो आणि तिथूनच दारं बंद करतो, आजही तसंच. मधल्या एखाद्या डब्याच्या टोकाला जागा धरलीत तर सगळं दिसेल. डबा 1575 जोडलेला असला तर त्यातही एक चक्कर मारा, तो अपघातात मोडला होता आणि 1947 मध्ये पुढच्या पिढीच्या डब्यांचा नमुना म्हणून नव्याने बांधला, आतून शेजाऱ्यांपेक्षा अगदी वेगळा दिसतो.

वेळेचं म्हणाल तर फेऱ्या डिसेंबरातल्या वीकेंडला असतात, वार आणि रूट वर्षावर्षाला बदलतो, आदल्या आठवड्यात एमटीएच्या साइटवर बघून घ्या. बहुतेक वर्षी मॅनहॅटनमधल्या सेकंड अॅव्हेन्यू स्टेशनवरून सुटते. वेगळं तिकीट नाही, नेहमीच्या भाड्यात बसता येतं. तिथे 30-40 च्या दशकातले कपडे घालून लोक येतात, प्लॅटफॉर्मवर बँड लावून नाचतात, मजा असते पण गर्दीही असते, म्हणून बाबांसाठी सकाळची पहिली फेरी धरा. खिडक्या वरून उघडतात आणि लोक उघड्या ठेवतात, त्यामुळे कानटोपी हवीच, फक्त गाडी सुटताना ती कानावरून वर करायला सांगा.

म्युझियम दुसऱ्या दिवशी. ब्रुकलिनमधलं न्यूयॉर्क ट्रान्झिट म्युझियम म्हणजे खरोखरचं स्टेशन आहे, कोर्ट स्ट्रीट, 1936 ला उघडलं, माणसं येईनात म्हणून 1946 ला बंद केलं, 1976 पासून म्युझियम. खाली दोन्ही रुळांवर डबे ओळीने उभे, लाकडी डब्यांपासून पुढचे, आणि बहुतेकांत बसता येतं. मला तिथलं सगळ्यात काय आवडत असेल तर ते रूळ अजून चालू सबवेला जोडलेले आहेत. तिथले कितीतरी डबे मेलेले नाहीत, बोलावणं आलं की त्याच रुळांवरून बाहेर पडतात. 1917 सालची लो-व्ही नावाच्या जुन्या जातीची गाडी बेसबॉलच्या खास सामन्यांना ग्रँड सेंट्रलहून यँकी स्टेडियमला मधे न थांबता जाते, मी एकदाच बसलोय. पण ती डिसेंबरात मिळायची नाही.

आणखी कुणीतरी विचारलंय की ब्राइटलायनर, म्हणजे 1964 च्या स्टीलच्या आर-32, बघायला मिळतील का. रोजच्या सेवेत नाहीत आता, निरोपाची शेवटची फेरी 9 जानेवारी 2022 ला झाली. त्या दिवशी मी पुढच्या खिडकीला नाक लावून उभा होतो, माझ्या शेजारी एक सात-आठ वर्षांचा मुलगा, दोघांनी आळीपाळीने खिडकी वाटून घेतली.

बाबांच्या बाबतीत एकच विनंती. गाडी स्टेशनात उभी राहिली की लगेच फोटो काढायला धावू नका. मिनिटभर तसेच बसा, खालून कॉम्प्रेसर सुरू होईल, आणि त्यांना विचारा हा आवाज कुर्ल्याच्या कुठल्या गाडीसारखा आहे. ते काय म्हणाले ते मला नक्की कळवा.