‘मॅडम, पेपर मागे घेऊ की गप्प बसू?’

पीएचडी करणाऱ्या मुलामुलींकडून हा प्रश्न वर्षभर येत असतो. पैसे भरलेले असतात, स्वीकृतीचं पत्र हातात असतं, आणि मग कोणीतरी सांगतं की ज्या जर्नलला, म्हणजे संशोधन नियतकालिकाला, पेपर दिला ते बोगस आहे. अशाच एका विद्यार्थिनीचा अनुभव इथे मांडतो आहोत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ती वाणिज्य शाखेची, तासिका तत्त्वावर शिकवणारी. पेपर महिला बचत गटांच्या कर्जफेडीवर. मंगळवारी रात्री तिने एका व्हॉट्सॲप नंबरवर फाइल पाठवली, गुरुवारी दुपारी स्वीकृतीपत्र आलं, संध्याकाळी 3,500 रुपये भरले. महिन्याभरात प्रबंधाचा सारांश जमा करायचा होता. पत्र मोबाइलवर दाखवताना तिचा हात थरथरत होता.

पत्रावर सोनेरी शिक्का होता, ‘इम्पॅक्ट फॅक्टर 7.8’ (जर्नलमधल्या लेखांचे इतर संशोधनात सरासरी किती उल्लेख होतात, तो आकडा) असं ठळक छापलं होतं आणि खाली नाव नसलेली सही. मजकूर होता की दोन तज्ज्ञांनी पेपर वाचून उत्कृष्ट ठरवला. आम्ही तिची मूळ फाइल उघडली. पाचव्या पानावर ‘तक्ता 3’ असं शीर्षक होतं आणि खाली कोरी जागा. तक्ता चिकटवायचाच राहून गेला होता. ज्या पेपरचे सगळे निष्कर्ष त्या तक्त्यावर उभे, तो दोन तज्ज्ञांनी वाचला आणि तक्ता कुठे आहे हे एकानेही विचारलं नाही! तिथेच तिला पहिल्यांदा खात्री पटली.

तरी खात्री पुराव्यावर हवी. जर्नलचा आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आठ आकडी ओळख क्रमांक, आयएसएसएन पोर्टलवर टाकला. नाव जुळलं, पण ते एका जुन्या छापील नियतकालिकाचं होतं आणि तिथे ऑनलाइन आवृत्तीची नोंदच नव्हती. वेबसाइटच्या डोमेनची नोंदणी तपासली, तर ती चार महिन्यांपूर्वीची. संपादक मंडळातल्या एका प्राध्यापकांना त्यांच्या संस्थेच्या पत्त्यावर मेल केला, दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की या मंडळाशी त्यांचा काही संबंध नाही. म्हणजे जर्नल खरं होतं, वेबसाइट त्याच्या नावाने उभी केलेली नक्कल होती. नुसत्या शुल्कावरून मात्र काही ठरत नाही. चांगली जर्नलंही शुल्क घेतात, पण ते आधी जाहीर केलेलं असतं आणि एखाद्याच्या खासगी यूपीआयवर जात नाही. खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट या कंपनीच्या वार्षिक अहवालात सापडतो. तिथे नसेल तर तो आकडा सोडून द्या.

‘पण यूजीसी केअर लिस्टेड लिहिलं होतं ना?’ ती म्हणाली. केअर ही यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्य जर्नलांची यादी. ती यूजीसीने फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर सूचना काढून बंद केली. जर्नल निवडण्याची जबाबदारी आता संस्थेवर आणि संशोधकावर आहे. यादी चालू होती तेव्हाही नक्कल वेबसाइटी यादीतल्याच नावांनी फिरत होत्या. तेव्हा आज कोणी ‘केअर लिस्टेड’ म्हणून पेपर मागत असेल, तर तेवढ्यावरच सावध व्हावं.

आता मूळ प्रश्न. सहकाऱ्याने तिला सल्ला दिला होता, ‘गप्प बस, तोच पेपर दुसरीकडे टाक, कोणाला कळतंय?’ आमच्या मते या प्रकरणातला खरा धोका हा सल्ला होता. फसवलं जाणं हा गैरव्यवहार नव्हे. एकच पेपर न सांगता दोन ठिकाणी देणं हा गैरव्यवहार आहे. यूजीसीने एप्रिल 2020 च्या सूचनेत स्वतःचंच लेखन उल्लेखाविना पुन्हा छापणं हे स्व-वाङ्मयचौर्य म्हटलं आहे. पेपर दोनदा छापल्याचं उघड झालं, तर दुसरं जर्नल तो मागे घेऊ शकतं आणि संपादक थेट संस्थेला कळवू शकतात. भीतीपोटी माणूस फसवणुकीच्या बाजूने स्वतःच चालत जातो, हे आम्हाला फार वाईट वाटतं.

म्हणून आधी लेखी माघार. मजकूर आम्ही तिच्यासोबत बसून चार ओळींचा केला: पेपरचं शीर्षक, पाठवल्याची तारीख, ‘मी हा पेपर मागे घेत आहे, तो प्रकाशित करण्यास माझी संमती नाही, कॉपीराइट फॉर्मवर मी सही केलेली नाही’, आणि पोच देण्याची विनंती. आरोप, शिव्या, विनवण्या काही नाही. फॉर्म तिला आला होता पण सही राहिली होती, हे नशीब. भारतीय कायद्यानुसार लेखी आणि सही केलेल्या करारावाचून कॉपीराइट हस्तांतरित होत नाही. सही झाली असती तर माघारपत्रात जर्नलच्या खोट्या ओळखीचा मुद्दा घालून आधी वकिलाला दाखवायला सांगितलं असतं.

उत्तर आलं, माघारीसाठी 10,000 रुपये भरा, नाहीतर नाव काळ्या यादीत टाकू. इथे बरीच मुलं पैसे भरतात. भरू नका. तो मेलही पुरावाच आहे. स्वीकृतीपत्र, पैसे भरल्याची पावती, चॅट, वेबसाइटचे तारखेसह स्क्रीनशॉट असं सगळं एका फोल्डरमध्ये ठेवून तिने सायबर हेल्पलाइन 1930 वर तक्रार केली. पैसे गेल्यावर ही तक्रार जितक्या लवकर होईल तितकं बरं. तिचे आठ दिवस लाजेत गेले होते, पैसे परत आले नाहीत.

फोल्डर चाळताना आणखी एक गोष्ट दिसली. लेखकांत तिसरं नाव विभागातल्या एका वरिष्ठांचं होतं. ‘सरांनी काय काम केलं?’ असं विचारल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या समितीने ठरवलेले, आता इतर शाखांतही मानले जाणारे निकष चार आहेत: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात महत्त्वाची सुधारणा, अंतिम मसुद्याला मान्यता आणि मजकुराची जबाबदारी. चारही पूर्ण व्हायला हवेत. सरांचा एकही पूर्ण होत नव्हता. असं नाव काढायला सांगणं तासिका तत्त्वावरच्या शिक्षिकेला किती जड जातं, याची आम्हाला कल्पना आहे. तिने गाइडना मध्ये घातलं आणि सरांना विचारलं, ‘सर, पेपर आता ज्या दुसऱ्या जर्नलला देणार आहे तिथे प्रत्येक लेखकाचं योगदान लिहून द्यावं लागतं, तुमचं काय लिहू?’ सरांनीच नाव काढायला सांगितलं. त्यांचे आभार शेवटी एका ओळीत मानले.

राहिली पीएचडीची काळजी. प्रबंधाआधी पेपर छापलाच पाहिजे ही देशपातळीवरची सक्ती यूजीसीच्या नोव्हेंबर 2022 च्या नियमांत राहिली नाही, पण विद्यापीठं स्वतःची अट ठेवू शकतात. आपल्या नोंदणीला कोणत्या वर्षाचे नियम लागू, हे पीएचडी विभागाकडून लेखी घ्यावं. तिच्या विद्यापीठाची अट होती. गाइडनी फोल्डर जोडून अर्ज केला आणि तिला सहा महिन्यांची मुदत मिळाली.

पेपर तिने नीट केला, तक्ता 3 बसवला आणि दुसऱ्या जर्नलला पाठवला. सोबतच्या पत्रात पहिल्याच परिच्छेदात घडलेलं सांगितलं आणि माघारीचा मेल जोडला. सगळेच संपादक हे मान्य करतील असं नाही. या संपादकांनी तारखा तपासून पेपर समीक्षेला घेतला. पाच महिन्यांनी दोन समीक्षकांचे अहवाल आले, तीन पानं भरून शेरे. एकाने तक्ता 3 मधल्या टक्केवारीची बेरीज 97 होते म्हणून विचारलं होतं. बोगस वेबसाइटवर जुना पेपर, कोऱ्या जागेसकट, अजून दिसतो. आपल्या प्रकाशनांच्या यादीत तिने तो धरलेला नाही.