बॉटलवरची रेघ

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

तू विकलेली गाडी घाटात बंद पडली, आणि काल फोनवर तू कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या रंगीत पाण्याच्या, बॉटलबद्दल तीनदा एकच वाक्य म्हणालीस, "काका, मी गाडी दिली तेव्हा बॉटल भरलेली होती." तू खोटं बोलत नाहीस हे मला ठाऊक आहे. दोन वर्षं म्हापशाच्या माझ्या जुन्या गाड्या विकायच्या यार्डात तू कागद सांभाळलेस, एका आरसीचा गोंधळ होऊ दिला नाहीस. पण रात्री मला झोप लागली नाही, कारण हेच वाक्य मीही एकदा एका माणसाला ऐकवलं आहे. कागदाचं काम तू माझ्याकडे शिकलीस. बॉनेटखालचं मी तुला नीट शिकवलं नाही. ते आता लिहून पाठवतो.

आधी आजचं. गाडी अनमोड घाटात बंद पडून टो होऊन फोंड्याला आली आहे. मेकॅनिकला सांग, सेल मारायचा नाही, म्हणजे चावी फिरवून इंजिन चालू करायला बघायचं नाही. पाणी ओतून "चालू होते का बघूया" हे तर अजिबात नको. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, गेलं असेल तर सिलिंडरमध्ये पाणी उतरलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि जे काम हेडवर भागलं असतं ते अख्खं इंजिन बांधण्यावर जातं.

हेड खोलायचं ते गिऱ्हाइकासमोर. तो सावईवेऱ्याचा, कुंडईला शिफ्टमध्ये काम करणारा माणूस, चवथीच्या आधी हौसेनं पहिली गाडी घेऊन गेला. त्याच्या सुट्टीच्या दिवशी बोलाव. त्याला स्टूल दे, चहा दे, आणि नट ढिला करायच्या आधी सगळीकडचे फोटो काढ. मेकॅनिकनं परस्पर खोलून ठेवलं की नंतर तू काहीही दाखवलंस तरी त्याला शंका राहील, आणि ती शंका रास्त असेल.

खोलल्यावर बघायचं ते एवढंच, की पाणी गेलं कुठून आणि केव्हापासून. होज पाइपच्या जोडावर, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीच्या कडेला, वॉटर पंपाखालच्या बारीक भोकाजवळ, थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) घराभोवती कूलंट झिरपून वाळलं असेल तर त्याचा रंगीत खडबडीत थर धरतो. ओला डाग ताजा असतो. जाड थर मात्र सहसा थोड्या दिवसांत धरत नाही. तसा थर दिसला तर गळती तुझ्या यार्डात होती, हे धरूनच पुढचं बोल.

आता माझं ऐक. 2011 साली वाळपईच्या एका शिक्षकांना मी डिझेल गाडी विकली. माझ्याकडे ती तीन आठवडे उभी होती आणि तेवढ्यात यार्डातल्या कामाच्या पोरानं दोनदा बॉटल भरली. दुसऱ्यांदा भरताना मी शेजारीच उभा होतो. नळाचं पाणी होतं. उभ्या गाडीतलं पाणी जातं कुठे, हे मी विचारलं नाही. संध्याकाळी सर गाडी बघायला येणार होते. पंधरा दिवसांनी ते मुलीला ॲडमिशनसाठी घेऊन बेळगावला निघाले. केरी मागे टाकून चोर्ल्याचा चढ लागला तसा काटा वर गेला. सरांनी एसी बंद केला. थोड्या वेळानं काटा आपोआप खाली आला. त्यांना वाटलं, गाडी थंड झाली. ते आणखी चारेक किलोमीटर गेले आणि गाडी चढावर आवळत आवळत बंद पडली.

तो काटा खाली का आला हे तू नीट समजून घे, म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगू शकशील. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवरच खरं सांगतो. पाणी गेलं की तो वाफेत नाहीतर हवेत लटकतो. मग काटा उतरतो आणि आत इंजिन करपत असतं. बऱ्याच छोट्या गाड्यांना तर काटाच नसतो. गार असताना निळा दिवा आणि तापल्यावर लाल, एवढंच. म्हणून चावी देताना सांगायचं: लाल दिवा लागला, किंवा चढलेला काटा एकाएकी पडला, की बाजूला घे, इंजिन बंद कर, झाकणाला हात लावू नकोस, मला फोन कर. तुझ्या गिऱ्हाइकानं लाल दिवा बघूनही गाडी हाकली असेल तर थोडं त्याचंही चुकलं. पण त्या दिव्याचा अर्थ त्याला कुणी सांगितला होता का?

सर गाडी टो करून माझ्याकडे आले. मी म्हणालो, "दिली तेव्हा बॉटल भरलेली होती." ते काही बोलले नाहीत. मुलगी बाजूला उभी होती. सर्टिफिकेटांच्या फाइलवर पावसाचे थेंब पडले होते आणि ती ते ओढणीच्या टोकानं एकेक टिपत होती. हेड उतरवलं तेव्हा वॉटर पंपाखाली पांढरट हिरवा थर निघाला. खर्च मी दिला, पण आठ दिवस वाद घातल्यावर. त्या शाळेतला एकही शिक्षक पुन्हा माझ्याकडे गाडी बघायला आला नाही. मला पैशांपेक्षा ते आठ दिवस जास्त डाचतात.

एवढ्याशा गळतीनं इंजिन जातं कसं, असं तू विचारलंस. कूलंट आणि पाणी अर्धं-अर्धं असेल तर उघड्या भांड्यात ते सुमारे 107 अंशांना उकळतं. झाकणानं एक बारच्या आसपास दाब धरला की 120 च्या पुढे गेलं तरी उकळत नाही. कुठे गळती असली की पाणीही जातं आणि दाबही जातो. उरलेलं पाणी लवकर उकळतं आणि वाफेला धातूची उष्णता तेवढी ओढून घेता येत नाही. हेड ॲल्युमिनियमचं, खालचा ब्लॉक पुष्कळदा बिडाचा. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. बोल्टांनी आवळलेलं हेड मग वाकतं. फेसिंगवाला, म्हणजे हेड घासून सपाट करणारा, त्यावर पट्टी ठेवून फिलर गेज, म्हणजे फट मोजायचं पातळ पातं, सरकवतो तेव्हा बघ. बऱ्याच इंजिनांना 0.05 मिलिमीटरच्या वर वाक चालत नाही, म्हणजे आपल्या केसाएवढासुद्धा नाही. त्या फटीतून पाणी ऑइलमध्ये जातं, ऑइल दुधाळ होतं, बेअरिंगला वंगण मिळत नाही आणि इंजिन जॅम होतं.

आता गाडी घेताना. आपल्याकडे एक गोष्ट वेगळी आहे. फोंडा-पणजी, म्हापसा-पर्वरी अशी गाडी रोज फिरत असेल तर बारीक गळती कुणाला कळतही नाही. अंतर थोडं, रस्ता बराचसा सपाट. घरातलं कुणीतरी पंधरा दिवसांनी तांब्याभर पाणी घालतं आणि विसरून जातं. पण पूर्वेला गोव्याबाहेर पडायचं तर अनमोड चढा नाहीतर चोर्ला. नव्या गाडीतून गिऱ्हाईक पहिल्यांदा लांब निघतं ते बेळगावलाच, तेही माणसं आणि सामान भरून. शिवाय "फक्त तीस हजार किलोमीटर फिरलीय" यावर भुलू नकोस. होज पाइपचं रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं.

म्हणून गाडी बघायला सकाळी जा, ती गार असताना. बॉनेटला हात लावून बघ. पार्टीनं आधीच चालू करून तापवून ठेवली असेल तर गोड बोलून दुसऱ्या दिवशी ये. गार असतानाच झाकण उघड. आत रंगीत कूलंटऐवजी साधं पाणी असेल तर कुणीतरी वारंवार भरतंय. जुन्या पाइपवर नवी कोरी क्लिप, बाकी गाडी धुळीची आणि इंजिन तेवढं धुतलेलं, असं काही दिसलं तर विचार. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट फेस दिसला तर घाबरून सौदा मोडू नकोस. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानंही तो येतो. डिपस्टिक ओढून बघ. तिच्यावरचं ऑइलही दुधाळ असेल तर मात्र निघून ये. गाडीखाली पाणी ठिबकत असेल तर ते एसीचं की कूलंट, हे बोटानं कळतं. एसीचं निव्वळ पाणी, कूलंट बुळबुळीत आणि गोडसर वासाचं. जिभेला लावू नकोस, ते विष आहे. यार्डात सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुऊन टाक. गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. माझ्याकडे एक कुत्रं असंच गेलं.

मग एसी लावून अर्धा तास चालव, जमेल तर चढावर, आणि परत आल्यावर एसी बंद करून दहा मिनिटं उभी करून चालू ठेव. रेडिएटरचा फॅन आपोआप लागतो का आणि थांबतो का, ते बघ. गार गाडीत एसी बंद असताना चावी फिरवल्याबरोबर फॅन गरगरायला लागला तर कुणीतरी तो बहुधा डायरेक्ट केलाय, थेट वायर जोडून, म्हणजे गाडी तापत असणार. थर्मोस्टॅट काढून टाकलेल्या गाड्याही येतील. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावलास तर इंजिन हळूहळू तापताना आणि बराच वेळ 60-70 अंशांवरच रेंगाळताना दिसेल.

काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या रेंट-अ-कारच्या गाड्या प्रायव्हेट करून बाजारात येतात. पाटी बदलली तरी आरसीची जुनी नोंद तपासता येते, ते काम तुझ्या हातचं आहे. अशा गाड्या वाईटच असतात असं मी म्हणणार नाही. काही मालक फार नीट ठेवतात. पण कळंगुटच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून बसलेला पर्यटक लाल दिवा दिसला म्हणून भाड्याची गाडी थांबवेल, याची खात्री नाही. अशी गाडी प्रेशर टेस्टरशिवाय घेऊ नकोस. हातपंपासारखं साधं यंत्र आहे. गार इंजिनला झाकणाच्या जागी लावायचं, झाकणावर छापलाय तेवढाच दाब द्यायचा आणि पंधरा मिनिटं काट्याकडे बघायचं. गॅस्केटची शंका असेल तर निळ्या द्रवाची टेस्टही करून घे. रेडिएटरमधल्या हवेत जळलेला वायू मिसळत असेल तर तो द्रव पिवळा पडतो.

आणि यार्डात आलेल्या प्रत्येक गाडीच्या बॉटलवर पहिल्या दिवशी गार असताना मार्करनं रेघ मार, बाजूला तारीख लिही. रेघेखाली पाणी गेलं तर भरायच्या आधी तुला सांगायचं, असं पोरांना बजाव. वाळपईच्या सरांनंतर माझ्या यार्डात हा एकच नियम मी कधी ढिला केला नाही. गळती रोखायची पावडर, हळद, असलं काही कुणी घालू लागलं तर हात धर. हळदीनं बारीक भोक बुजतं, ट्रकवाल्याला घरी पोचवतं. पण आपण विकायच्या गाडीत ती घालणं म्हणजे दोष लपवणं, आणि पुढे तीच घाण रेडिएटरच्या नळ्यांत बसते. विहिरीचं पाणीही नको. किनाऱ्याकडच्या विहिरी खारट, आतून गंज धरतो. डिस्टिल्ड पाणी आणि कंपनी सांगते तेच कूलंट. दोन रंगांची मिसळ करू नकोस.

तू विचारलंस की विक्रीच्या कागदावर "जशी आहे तशी" लिहिलंय, ते चालेल का. त्याच्या आड लपू नकोस. माहीत असलेला दोष मुद्दाम झाकणं ही 1872 च्या करार कायद्याप्रमाणे फसवणूक आहे, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तो माणूस जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. तुला दोष माहीत नव्हता हे खरं. पण बॉटल यार्डात कुणी भरली का, हे तू अजून पोरांना विचारलेलं नाहीस. आज विचार.

खर्चाचं म्हणशील तर साधा मोटार विमा असल्या बिघाडाला पैसे देत नाही. जीएसटी खरेदी-विक्रीच्या फरकावर बसतो, इंजिनात घातलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. म्हणून मी प्रत्येक गाडीमागे तीन हजार वेगळ्या खात्यात टाकतो. तुझं ते खातं अजून रिकामं असेल; कमी पडले तर माझ्याकडून घे, हळूहळू फेड. मेकॅनिक भंगारातलं इंजिन बसवू म्हणाला तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नव्या इंजिन नंबरची नोंद झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

मंगळवारी मी फोंड्याला येतो, टेस्टर घेऊन. हेड त्या दिवशी खोलू. सावईवेऱ्याला फोन मात्र आजच कर, मेकॅनिककडून करवू नकोस. त्याला रोज कुंडईला जायचं असतं. काम होईपर्यंत त्याला काय देता येईल ते बघ. आपल्या ताब्यातली विक्रीची गाडी अशी वापरायला देता येत नाही, तेव्हा तुझी स्वतःची स्कूटर दे, नाहीतर माझी गाडी मी ठेवून जातो.

तुझा,
काका