उलटा ठेवलेला फोन

प्रिय पोरी,

तुझा भलामोठा मेसेज वाचला. 'ताई, राज्यसेवेच्या परीक्षेसाठी रोज बारा तास अभ्यासिकेत बसते, पण डोक्यात काही राहत नाही.' बारा तास खुर्ची अडते गं. त्यातली तू किती वेळ तिथे असतेस?

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत मीही दोन वर्षं काढली. जागा दाराजवळची. दार वाजलं की मान वर. एकदा वैतागून ठरवलं, लक्ष उडालं की वहीच्या मागच्या पानावर एक रेघ ओढायची. सकाळी आठ ते अकरात एकेचाळीस रेघा झाल्या! त्यातल्या दाराच्या जेमतेम सहा. तू आधी हे एवढंच कर. चार दिवस नुसत्या रेघा मोज, सुधारायला जाऊ नकोस.

फोनबद्दल सगळेच बोलतात, म्हणून थोडक्यात सांगते. तो टेबलावर उलटा ठेवणं म्हणजे मांजरीसमोर दूध झाकून ठेवणं. खोलीवरच राहू दे. वेळ बघायला मनगटी घड्याळ घे. आईला सांग, रात्री नऊला मीच फोन करीन. चार दिवस रुसेल, मग नऊची वाट बघेल.

खरा चोर अभ्यासाच्या वेशात येतो. टेलिग्रामवरच्या न उघडलेल्या पीडीएफ, टॉपरच्या स्ट्रॅटेजीचे व्हिडिओ, आणि टपरीवरची 'यंदा कट-ऑफ किती लागेल?' ही चर्चा. रील बघताना निदान अपराधी तरी वाटतं, यात तेही वाटत नाही. आमचा चहा दहा मिनिटांत संपायचा, कट-ऑफ तासभर चालायचा. मी पूर्वपरीक्षेतच अडकले त्या वर्षी आमचा अंदाज अगदी बरोबर निघाला होता.

चहा सोडू नकोस, वेड लागेल. पण अशा मैत्रिणीबरोबर जा, जिच्याशी जेवणाबद्दल बोलता येतं.

पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं सुट्टी, असं तू करतेस म्हणालीस. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन माणसाने 1980 च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या टायमरवर ही युक्ती बसवली. कलमं, सनावळ्या पाठ करायला छान आहे. पण राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे. आम्ही गोल काळे करायचो, तुला तीन तास हाताने लिहायचंय. तिथे पंचविसाव्या मिनिटाला कोणी सुट्टी देत नाही. म्हणून सकाळी पंचवीसवाली पद्धत ठेव आणि दुपारी उत्तरं लिहायला सलग बस. आधी चाळीस मिनिटं, जमलं की तास. तीन तासांची घाई नको.

शेजारी एक कोरा कागद ठेव. मध्येच आठवतं ना, मेसचे पैसे द्यायचेत, फॉर्मची तारीख बघायचीय? कागदावर लिही आणि पुढचं वाक्य वाच. माझ्या कागदावरचं निम्मं संध्याकाळपर्यंत बिनमहत्त्वाचं ठरायचं. एकदा नुसतं 'पाणीपुरी' लिहिलं होतं.

रविवारी रात्री मेस बंद असते, तेव्हा जेवायला घरी ये. वही आण, रेघा बघू. त्या दिवशी फोन आणलास तरी चालेल, नाहीतर आमची गल्ली काही तुला सापडायची नाही.

तुझी,
ताई