२०२४ च्या लीग कप अंतिम सामन्यात लिव्हरपूलला तरुण बचावपटूंनी जिंकवले, की चेल्सीने वाया घालवलेल्या संधींनी?

आपण विचारले आहे की २५ फेब्रुवारी २०२४ रोजी लंडनच्या वेम्ब्लीवर झालेल्या, इंग्लंडमधल्या लीग कप या फुटबॉल स्पर्धेच्या त्या सामन्याचे श्रेय लिव्हरपूलच्या कोवळ्या बचावपटूंना द्यावे, की चेल्सीने समोर आलेल्या संधी दवडल्या एवढेच म्हणून विषय संपवावा. मी तो सामना थेट पाहिला होता आणि निकालावरचे वाद ऐकून कंटाळल्यावर पुन्हा एकदा पूर्ण पाहिला. माझे मत असे झाले आहे की वाद घालणाऱ्या दोन्ही बाजू एका साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष करतात : कोणती संधी कोणत्या मिनिटाला आली आणि त्या क्षणी मैदानावर नेमके कोण होते.

निकाल आपल्याला ठाऊकच असेल. नव्वद मिनिटे गोलशून्य, त्यानंतर जादा वेळ आणि ११८ व्या मिनिटाला कोस्तास त्सिमिकासच्या कॉर्नर किकवर व्हर्जिल व्हॅन डाइकचा हेडर; लिव्हरपूल १, चेल्सी ०. सलाह, अलिसन, अलेक्झांडर-अर्नोल्ड, सोबोस्लाई, नुन्येझ, जोटा असे एकापेक्षा एक खेळाडू दुखापतींमुळे बाहेर असल्याने लिव्हरपूलचे तेव्हाचे प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांनी उत्तरार्धात आणि जादा वेळेत अकादमीतली मुले उतरवली. समालोचन करणाऱ्या गॅरी नेव्हिल यांनी एकीकडे क्लॉपची पोरे आणि दुसरीकडे अब्जावधी खर्चूनही कच खाणारा निळा संघ अशा अर्थाचे वाक्य उच्चारले आणि त्या एका वाक्याने पुढच्या सगळ्या चर्चेला वळण लागले. वाक्य टाळ्या घेणारे होते, पण बचावफळीपुरते पाहिले तर ते बरेचसे चुकीचे आहे.

नावे आणि वये तपासून पाहा. ‘पोरे’ म्हणून ज्यांचे कौतुक झाले त्यांपैकी बॉबी क्लार्क आणि जेम्स मॅककॉनेल १९ वर्षांचे होते व मधल्या फळीत खेळत होते, तर १८ वर्षांचा जेडन डॅन्स आघाडीपटू होता. खऱ्या अर्थाने तरुण बचावपटू दोनच, २० वर्षांचा कॉनर ब्रॅडली आणि २१ वर्षांचा जॅरेल क्वान्सा. ब्रॅडली पहिल्यापासून खेळला, परंतु मधल्या फळीतला ग्राव्हेनबर्ख जायबंदी होऊन २८ व्या मिनिटाला जो गोमेझ आल्यावर तो आणखी वर सरकून खेळू लागला आणि ७२ व्या मिनिटाला त्याच्या जागी क्लार्क आला. क्वान्साला कोनाटेच्या जागी आणले गेले ते जादा वेळेच्या मध्यंतराच्या सुमारास.

आता चेल्सीच्या संधींकडे वळू. चेल्सीच्या कॉनर गॅलघरचा चेंडू खांबाला लागून परतला तो ब्रॅडली बाहेर गेल्यानंतर. गॅलघर गोलरक्षकासमोर एकटा पोहोचला आणि लिव्हरपूलचा गोलरक्षक क्विव्हीन केलेहरने त्याला अडवले, तेही त्यानंतर, सामन्याच्या शेवटच्या टप्प्यात. म्हणजे ज्या दोन संधींवरून चेल्सीचे चाहते आजही हळहळतात, त्या वेळी लिव्हरपूलच्या मागच्या फळीत गोमेझ, कोनाटे, व्हॅन डाइक आणि रॉबर्टसन हे चार मुरलेले खेळाडू होते. त्या संधी निर्माण झाल्या याचा दोष पोरांवर टाकता येत नाही आणि त्या वाया गेल्या याचे श्रेयही पोरांच्या बचावाला देता येत नाही. श्रेय द्यायचेच तर ते केलेहरला द्यावे, कारण पूर्वार्धात कोल पामरचा अगदी जवळून आलेला फटकाही त्यानेच अडवला होता.

‘संधी वाया घालवली’ हा शब्दप्रयोग मला नेहमीच थोडा अन्यायकारक वाटत आला आहे. खांबाला लागलेला चेंडू आणि गोलरक्षकाने अडवलेला चेंडू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात फटका मारणाऱ्याची चूक बोटभर असते, दुसऱ्यात समोरच्या माणसाने काम चोख केलेले असते, आणि चाहता मात्र दोन्हींना एकाच रकान्यात टाकून मोकळा होतो. गॅलघरच्या त्या एकट्याने गाठलेल्या संधीत केलेहर पुढे येऊन कोन किती लहान करतो हे पाहिल्यावर मला गॅलघरवर ओरडावेसे वाटेनासे झाले. शिवाय संधी फक्त चेल्सीनेच गमावल्या असे नाही. लिव्हरपूलच्या कोडी गाक्पोचा हेडर पूर्वार्धात खांबालाच लागला होता आणि जादा वेळेत चेल्सीचा गोलरक्षक जॉर्जे पेट्रोविचला हार्वी इलियट आणि डॅन्स यांचे हेडर अडवावे लागले. जिंकणाऱ्या संघाच्या हुकलेल्या संधी कोणी मोजत नाही, हा चाहत्यांचा जुनाच स्वभाव आहे आणि मीही त्याला अपवाद नाही.

तरुण बचावपटूंची चर्चा करायचीच असेल, तर मग ती लीव्हाय कोलविलपासून सुरू व्हायला हवी होती. चेल्सीच्या या सेंटर बॅकचा जन्म २६ फेब्रुवारी २००३ चा, म्हणजे अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला २१ वे वर्ष पूर्ण होणार होते. क्वान्साचा जन्म २९ जानेवारी २००३ चा. ज्याला ‘पोर’ म्हणून डोक्यावर घेतले गेले तो क्वान्सा कोलविलपेक्षा महिनाभराने मोठाच आहे! चेल्सीचा राइट बॅक मालो गुस्तोही तेव्हा २० वर्षांचाच होता. या दोघांना कोणी पोरे म्हटले नाही, कारण एकाच्या मागे इंग्लंडच्या संघाचे नाव होते, दुसऱ्यासाठी क्लबने पैसे मोजले होते आणि मुख्य म्हणजे दोघे हरले होते.

कोलविलचा एक प्रसंग तर या चर्चेत हमखास यायला हवा. ६० व्या मिनिटाला व्हॅन डाइकने फ्री किकवर हेडरने गोल केला होता, परंतु ऑफसाइड (नियमबाह्य पुढच्या) जागी उभ्या असलेल्या लिव्हरपूलच्या वातारू एन्दोने कोलविलची वाट अडवली होती म्हणून व्हिडिओ पंचांच्या सूचनेनंतर तो गोल रद्द झाला. लिव्हरपूलच्या चाहत्यांनी त्या निर्णयावर बराच संताप व्यक्त केला. मला स्वतःला तो नियमाला धरून वाटला, कारण सेट पीसवर, म्हणजे फ्री किक किंवा कॉर्नरवर, बचावपटूचे पहिले पाऊल अडले की पुढची उडी उशिराच पडते आणि व्हॅन डाइकसारख्या उंच माणसासमोर तेवढा उशीर पुरेसा असतो.

ब्रॅडलीबद्दल मात्र मी हात राखून बोलणार नाही. त्याच वर्षी ३१ जानेवारीला ॲनफिल्डवर लिव्हरपूलने चेल्सीला ४–१ असे हरवले, त्यात त्याने एक गोल स्वतः केला आणि दोन गोलांसाठी पास दिले. त्याआधी २०२२–२३ चा हंगाम तो बोल्टनकडे लोनवर, म्हणजे उसना खेळाडू म्हणून, होता, तिसऱ्या श्रेणीत दर आठवड्याला धक्काबुक्की सहन करत. अकादमीतून थेट वेम्ब्लीवर अवतरलेला मुलगा अशी त्याची प्रतिमा रंगवली गेली, पण तो तसा नव्हता आणि चेल्सीविरुद्ध दबला नाही याचे कारणही मला त्या हंगामातच दिसते. क्वान्सानेही २०२३ च्या पूर्वार्धात ब्रिस्टल रोव्हर्सकडे लोनवर काही महिने काढले होते. तरुण बचावपटूला सर्वात जास्त गरज असते ती चुका करण्यासाठी लागणाऱ्या मिनिटांची, आणि मोठ्या क्लबमध्ये नेमकी तीच मिळत नाहीत.

अंतिम सामन्यातल्या पंधरा-वीस मिनिटांवरून क्वान्साविषयी जे भाकीत केले गेले त्याचे पुढे काय झाले, हेही सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, इप्सविचविरुद्ध, क्लॉप यांच्या जागी आलेले प्रशिक्षक आर्ने स्लॉट यांनी त्याला मध्यंतरालाच बाहेर बसवले आणि २०२५ च्या उन्हाळ्यात तो बायर लेव्हरकुसेनला गेला. त्याच उन्हाळ्यात केलेहर ब्रेंटफर्डला गेला, आणि हरलेल्या संघातला कोलविल चेल्सीबरोबर क्लब विश्वचषक जिंकून परतला.