धाप लागते म्हणून फुप्फुसांना नावं ठेवू नकोस

अरे, तुझा मेसेज वाचला. दोन मिनिटं पळालं की धाप लागते, म्हणजे फुप्फुसं कमजोर, म्हणून तो श्वास अडवणारा ट्रेनिंग मास्क मागवतोयस, तर आधी ती ऑर्डर कॅन्सल कर. फुप्फुसं निरोगी असतील तर ती सहसा पुरून उरतात. अगदी धापा टाकत थांबलास आणि बोटाला ऑक्सिमीटर लावलास तरी रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा बहुतेक ९५ टक्क्यांच्या आसपास किंवा वरच दिसेल. धाप लागते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायची घाई झालेली असते म्हणून.

गाडी अडते ती जास्त करून हृदयापाशी. बसलेलं असताना हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिली रक्त ढकलतं, मिनिटाला ५ लिटरच्या आसपास, आणि जोरात पळताना हेच २० लिटरपर्यंत किंवा त्याहून वर जातं. आता नाडी जास्तीत जास्त किती वाढणार हे बरंचसं वयावर ठरतं, सराव करून ती मर्यादा काही वर सरकत नाही, मग वाढवायचं काय तर एका ठोक्याला जाणारं रक्त. महिनोन्‌महिने नियमित पळालं, सायकल मारली, पोहलं की हृदयाचा डावा कप्पा जास्त भरायला लागतो, अंगातलं रक्तही थोडं वाढतं, म्हणून तर मुरलेल्या रनरची नाडी नुसतं बसलेलं असताना मिनिटाला ४०-५० असते. शिवाय स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्या वाढतात, आलेला ऑक्सिजन नीट वापरला जातो.

आणि यासाठी जीव तोडून पळायची गरज नाही, तू तेच करतोयस असं वाटतंय. पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर स्पीड कमी कर, चालावं लागलं तर चाल, कोण बघतंय! जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तिथपर्यंत हळूहळू पोच. सकाळी उठायच्या आधी पडल्या पडल्या नाडी मोजून लिहून ठेवत जा, वजनापेक्षा तो आकडा बघायला मला जास्त आवडेल.

मध्ये सुट्टी मात्र लांबवू नकोस. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला एका प्रयोगात विशीतल्या ५ तरुणांना ३ आठवडे नुसतं अंथरुणावर पडून राहायला लावलं होतं, त्यांची ऑक्सिजन वापरायची क्षमता पाव भागाहून जास्त घसरली. ३० वर्षांनी त्याच पाच जणांना परत तपासलं तर इतक्या वर्षांच्या वयाने झालेली घट त्या ३ आठवड्यांएवढीही नव्हती! मग ६ महिने ट्रेनिंग दिल्यावर वयाने गेलेलं बरंचसं परतही मिळालं.

एक सांगायचं राहिलं, पळताना छातीत दाब आला, चक्कर आली, शिट्टीसारखा आवाज यायला लागला किंवा नुसतं जिना चढतानाही दम लागायला लागला तर हे सगळं बाजूला ठेव आणि आधी डॉक्टरला दाखव, तिथे स्पीड कमी करून भागत नाही.