शूलपाणीची झाडी: ती जुनी अंतरांची यादी आधी बाजूला ठेवा

चांदूर रेल्वेकडच्या एका भावाने विचारलं आहे. वडील 61 वर्षांचे, कापसाचे शेतकरी, बीपीची गोळी चालू. वेचणी आटोपली की ओंकारेश्वरहून पायी नर्मदा परिक्रमेला निघतो म्हणतात. शूलपाणीची झाडी, म्हणजे बडवानीपासून गोऱ्यापर्यंतचा डोंगराळ जंगलाचा टप्पा, त्यांना झेपेल का, तिथं अजून लुटतात का, समुद्रातल्या नावेचं बुकिंग कुठं होतं, असे तीन प्रश्न आहेत. सोबत गावांच्या आणि अंतरांच्या यादीचा फोटो टाकला आहे. तो पाहिला आणि हे लिहायला बसलो. तीच यादी, बाप्पा. झेरॉक्सची झेरॉक्स.

मैया (नर्मदा) उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही, सदावर्त (वाटेत मिळणारा शिधा), कढाई (मैयाला शिऱ्याचा नैवेद्य) हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

भाऊ, ही यादी धरण भरण्याआधीची आहे. सरदार सरोवराचे दरवाजे 2017 साली बंद झाले आणि 2019 च्या पावसाळ्यात जलाशय पहिल्यांदा 138.68 मीटरपर्यंत, म्हणजे काठोकाठ भरला. यादीतली काठाकाठाची वाट आता पाण्याखाली आहे. शूलपाणेश्वराचं जुनं मंदिरही बुडालं, आता दर्शन गुजरातेतल्या गोरा गावच्या नव्या मंदिरात होतं. मोबाईलच्या नकाशावर मात्र काही जुन्या पायवाटा अजून दिसतात, आणि माणूस तिथंच फसतो.

फसतो कसा ते नीट समजून घ्या. दक्षिण तटावर सातपुड्याच्या सोंडा नदीकडे उतरतात आणि दोन सोंडांच्या मधून नाले वाहतात. आपल्याला जायचं पश्चिमेला, म्हणजे प्रत्येक सोंड आडवी येते. चढा, उतरा, नाला ओलांडा, पुन्हा चढा. धरणाचा फुगवटा फक्त नदीत राहत नाही, तो या नाल्यांच्या पोटात आतपर्यंत शिरतो. यादीत 'नाला, पुढे 4 किमी' लिहिलेलं असतं. तासभर मुरमाड उतार उतरून खाली गेलात की समोर नाला नाहीच, तलाव. पुढची वस्ती पलीकडे डोळ्यांना दिसते, पण वाट नाही. मग आलात तेवढं परत चढा आणि नाल्याच्या उगमाकडून वळसा घाला. त्यात दिवस जातो, पाणी संपतं आणि गुडघे कामातून जातात. माझे असे तीन दिवस गेले. बाकी रामकहाणी नको.

त्यात कार्तिकात निघालात तर झाडीत पोचेपर्यंत पावसाळ्याचं साठलेलं पाणी बहुतेक तसंच उभं असतं. उन्हाळ्याकडे पातळी उतरते. म्हणून चैत्रात गेलेल्या माणसाने सांगितलेली खालची वाट मार्गशीर्षात बुडालेली असू शकते. तो खोटं बोलत नसतो, महिना वेगळा असतो.

मला ती यादी एका कार्यालयातून मिळाली होती, वर गोल शिक्कासुद्धा मारून. नाव लिहीत नाही. पातळी किती, कोणत्या गावाची वाट बंद आहे, एवढंच विचारलं होतं. एका टेबलावर उत्तर मिळालं, वेबसाइटवर पाहा. दुसऱ्या टेबलावर, तो विभाग आमचा नाही. तिसऱ्या टेबलावरचा माणूस जेवायला गेला होता. वाट बुडून वर्षं झाली तरी यादी तीच वाटतात, ती बदलायला काहून कोणाला सुचत नाही? असो. शिक्का पाहून विश्वास ठेवला ही चूक माझीच.

यादीऐवजी काय करायचं? एका वेळी फक्त पुढच्या एका गावाची वाट विचारा, आणि ज्या घरी मुक्काम केला त्यांनाच सकाळी विचारा. "किती किलोमीटर" विचारू नका, उत्तर कायम पाचच येतं. "पाणी कुठवर आलं आहे?" आणि "डोक्यावर मोळी घेऊन तुम्हाला किती वेळ लागतो?" हे विचारा. जो वेळ सांगतील त्याच्या दुप्पट धरा. वर धारेने, म्हणजे डोंगराच्या माथ्यावरून जाणारी आणि खाली उतरणारी अशा दोन वाटा फुटल्या आणि विचारायला कोणी नसेल तर धारेची धरा. सपाटीवर रोज 20-25 किमी होतात, इथं 12-15 झाले तरी पुष्कळ. धारेवर नदी खाली दिसते पण हाती लागत नाही, म्हणून निघताना माणशी दोन लिटर पाणी भरून घ्याच. पायात गोळे येऊ लागले तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, पोह्याचा नाही. बीपी असेल तर मिठाचं आधी डॉक्टरांना विचारा, मी डॉक्टर नाही.

लुटीचं म्हणाल तर मामा लोक, म्हणजे झाडीतले भिल्ल, अंगावरचं सगळं काढून घ्यायचे ही जुनी गोष्ट झाली. आता त्याच वस्त्यांत मुक्कामाला जागा आणि भाकर मिळते. पण ती घरं गरीब आहेत. दोन किलो तांदूळ-डाळ पाठीवर ठेवा आणि मुक्कामाच्या घरी द्या. नुसतं "नर्मदे हर" म्हणून ताटावर बसणारे पाहिले की मला राग येतो.

आता खरा प्रश्न, झेपेल का. बडवानीच्या पुढे दोन पर्याय आहेत. एक झाडीतला: पाटी, बोकराटा, भादल, मग आपल्या महाराष्ट्रातल्या धडगाव तालुक्याच्या डोंगरातून गुजरातेत माथासर, कणजी आणि गोरा. दुसरा सडकेचा: खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा, डेडियापाडा, राजपिपळा. सडकेच्या वाटेवर तुम्ही मैयापासून फार लांब जाता, प्रकाशा तर तापीकाठी आहे. कट्टर लोक नाक मुरडतील. पण या वाटेवर दवाखाना, मेडिकल आणि एसटी आहे. ती घेतली म्हणून परिक्रमा उणी होते असं मी मानत नाही.

ठरवायचं कसं? शेगावची पायी वारी केली आहे, हे इथं कामी येत नाही. ती सपाट सडक. झाडीत चढ दम काढतो, पण माणूस घरी परत येतो तो उतारामुळे. बाबांना परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट पाठीवर सात किलो घेऊन चढायला लावा, तिथं मुक्काम, दुसऱ्या दिवशी चालतच उतरवा. हे पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा. उतरल्यावर तिसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघा धरावा लागला, तर सडकेची वाट. बूट एक नंबर मोठे घ्या, कारण उतारावर बोटं पुढे सरकून नखं काळी पडतात. निघायच्या आधी नखं कापायची आणि त्या बुटात शंभरेक किलोमीटर चालून झालेलं पाहिजे.

नदीच्या मुखाशी दक्षिण तटावरून उत्तर तटावर समुद्रातून नावेने जातात. त्या नावेचं बुकिंग वगैरे काही नसतं. कठपोर-विमलेश्वरच्या बाजूला पोचायचं, आधार दाखवून आपलं नाव नोंदवायचं आणि भरतीची वाट पाहायची. आपण विदर्भातले, समुद्राशी संबंध नाही, म्हणून सांगतो: भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा पाणी कमी चढतं. खाडीच्या तोंडाशी नुसता गाळ, पुरेसं पाणी चढल्याशिवाय नाव निघत नाही. म्हणून दोन-तीन दिवस हाताशी ठेवा. पलीकडच्या मिठीतलाईपर्यंत तीन-चार तास धरा. पोट हलकं ठेवा, लाइफ जॅकेट मागून घ्या, नाव खचाखच भरली असेल तर पुढची घ्या.

उत्तर तटावर जयंती मातेचं जंगल लागतं, ते सोबतीने आणि दिवसा पार करा. अमरकंटकची थंडी हलकी समजू नका, हजार मीटरच्या वरचं ठिकाण आहे. बाकी तो तट सोपा.

कागदांत ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर फोटो चिकटवून पत्र घ्या, शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर. आधारच्या चार झेरॉक्स आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. गोळ्या महिनाभराच्या, दोन पिशव्यांत वाटून. झाडीत रेंज नाही म्हणजे फोन-पे नाही, दहा-वीसच्या नोटा लागतात.

शेवटी वेचणीचं. कापूस आणि मग तूर आटोपून माघात निघाले, तर शेवटचा नरसिंहपूर-नर्मदापुरमचा टप्पा मे-जूनच्या उन्हात येईल. रोज वीस-पंचवीस किलोमीटरने साडेचार-पाच महिने लागतात, हिशोब करून पाहा. माझं स्पष्ट मत, कार्तिकातच निघा. ते जमत नसेल तर खंड परिक्रमा करा, ओंकारेश्वर ते समुद्र यंदा, उरलेली पुढच्या वर्षी. कार्तिकात निघायचं ठरलं तर वेचणीच्या बायांना आताच सांगून ठेवा आणि थोडा इसार द्या. दिवाळीनंतर भाव दुप्पट दिला तरी कोणी मिळत नाही.